घर बदलताना जड सामान स्वतः हलवायचं आहे? बेळगाव आणि सीमाभागातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नाला अठरा वर्षं झाली आणि तेवढ्यात पाच घरं झाली. आधी शहापुरात माडीवरचं घर, मग वडगाव, टिळकवाडीत दोन आणि आता अनगोळ. काही वेळा हमाल लावले, काही वेळा घरच्याच माणसांनी सामान हलवलं. तेव्हापासून माहेरी, सासरी, गल्लीत कुणाचं घर बदलायचं निघालं की मला फोन येतो आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून इथे एकत्र लिहून ठेवते. जड सामान मापावर आणि एका आवाजावर हलतं, ताकदीचा नंबर तिसरा. ज्यांच्या घरी कुणाचं बोट चेमटलं किंवा कुणाची कंबर धरली, त्यांना मी खोदून विचारते. तेव्हा कळतं की माप घेतलेलं नव्हतं, नाहीतर चार जण एकदम ओरडत होते.

सगळं स्वतःच न्यावं की हमाल बोलवावेत?

दोन्ही घरं तळमजल्याची असतील, अंतर शहरातल्या शहरात असेल आणि कंबर-गुडघे धड असलेली चार माणसं हाताशी असतील तर खुशाल स्वतः न्या. लिफ्ट नसलेला दुसरा मजला आला की मी हमाल लावते. मार्केट यार्डात रोज पोती उचलणाऱ्या माणसाच्या पाठीला जी सवय असते ती एका रविवारपुरती आपल्या पाठीला येत नाही.

मधला मार्ग बऱ्याच जणांना सुचत नाही. भांडी, कपडे, पुस्तकं, गाद्या, खुर्च्या आपण न्यायच्या आणि कपाट, पलंग, फ्रिज, वॉशिंग मशीन एवढ्या चारच वस्तूंसाठी दोन-तीन तास माणसं बोलवायची. बोलवताना मजले किती, गाडी दारापर्यंत येते की गल्लीच्या तोंडाशी थांबते, पलंग खोलून जोडायचा आहे का, हे आधीच सांगून पैसे ठरवा. सामान अर्ध्या जिन्यात असताना पैशांची बोलणी सुरू झाली की त्रास दोघांनाही होतो. आणि चहा-नाश्त्याचं बघा. माणूस उपाशीपोटी जिना चढत असेल तर धोका त्यालाही आणि कपाटालाही.

कुठली वस्तू किती जड असते?

हाताच्या अंदाजावर जाऊ नका, तो बहुतेक वेळा कमीच निघतो. साडेसहा फुटी लोखंडी कपाट (कुठल्याही कंपनीचं असलं तरी आपण त्याला गोदरेजचंच म्हणतो) रिकामं साधारण ६० ते ९० किलो भरतं. आतल्या साड्या तशाच ठेवून उचलायला निघालेले लोक मी पाहिलेत. चाळीस रेशमी साड्या म्हणजे सहज पंचवीस-तीस किलो, एखाद्या शाळकरी पोराला आत बसवून कपाट उचलल्यासारखंच. एका दाराचा फ्रिज ३५-४५ किलो, दोन दारांचा ५०-७०. पुढून उघडणारं वॉशिंग मशीन ६०-७० किलो, कारण मशीन फिरताना उड्या मारू नये म्हणून त्यात काँक्रीटचं किंवा लोखंडाचं वजन बसवलेलं असतं. सागाचा एक घनफूट साधारण १८-१९ किलो धरा. जुन्या डबल पलंगात पाच घनफूट लाकूड असलं तरी नव्वद किलो झाले. शिसव त्याहूनही जड.

एका माणसाने किती उचलावं? अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-सुरक्षा संस्थेच्या सूत्रात सगळी परिस्थिती अनुकूल असेल तेव्हाची मर्यादा २३ किलो धरली आहे. अनुकूल म्हणजे वस्तू अंगाजवळ, पकड चांगली, कमरेत पीळ नाही, वाकावं लागत नाही. जिन्यात यातलं काहीच नसतं. म्हणून घरात मी वीस किलोचा हिशेब धरते. पुस्तकांचं खोकं याच्या वर गेलं की त्याची दोन खोकी करते.

मापं कुठली घ्यायची? दाराचं घेतलं तर पुरे ना?

पुरत नाही. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

दाराची रुंदी मोजताना चौकटीच्या आतून मोजा आणि उघडं दार किती जागा खातं तेही बघा. जुन्या घरांत दार पूर्ण मागे जात नाही, बिजागरीपाशी दीड-दोन इंच अडतं. ते दोन इंच नडतात. दार बिजागरीतून काढलं तर मिळतात. जुन्या वाड्यात उंबरठाही उंच असतो आणि वरची चौकट खाली. त्यामुळे दाराची उंची उंबरठ्याच्या वरून मोजायची, जमिनीपासून नव्हे.

मग जिना. रुंदी कठड्यापासून भिंतीपर्यंत, आणि वळणावरच्या मोकळ्या जागेची लांबी-रुंदी. डोक्यावर किती उंची आहे हे कुणी मोजत नाही, आणि कपाट नेमकं तिथेच अडतं.

आता कपाटाचं गणित. नेहमीचं लोखंडी कपाट ७८ इंच उंच, ३६ इंच रुंद, १९ इंच खोल असतं. आडवं आत आणून उभं करताना ते काही क्षण त्याच्या तिरप्या लांबीएवढं उंच होतं. पाठीकडे कलवलेलं असेल तर ही तिरपी लांबी सव्वाऐंशी इंचांच्या थोडीशी वर. बाजूवर कलवलेलं असेल तर जवळपास ८६ इंच. खोलीतला माळा सात फुटांवर, म्हणजे ८४ इंचांवर असेल तर पाठीकडून उभं केलेलं कपाट सहज उभं राहील आणि बाजूवरून उभं केलेलं माळ्याला अडकेल. तेच कपाट, तीच खोली. वडगावच्या घरात आम्ही अर्धा तास झटापट केली, माळ्याचा कोपरा टवकला, शेवटी कपाट परत बाहेर नेऊन पाठीवर टाकून आणलं तर दोन मिनिटांत उभं राहिलं. कागदावर मोजायला पाच मिनिटं लागली असती.

मापं मोबाईलच्या फोटोवर लिहून ठेवा. नवीन घराचा फोटो, त्यावर दाराचं माप. धांदलीत कागद सापडत नाही, मोबाईल सापडतो.

लोखंडी कपाट जिन्यावरून कसं न्यायचं?

पूर्ण रिकामं करा. आतले सुटे खण काढा. लॉकरमधलं सोनं-नाणं, कागदपत्रं घरातल्या एका जबाबदार माणसाच्या पिशवीत, आणि त्या माणसाने त्या दिवशी दुसरं काहीही उचलायचं नाही. दारं कुलूप लावून बंद करा, किल्ली कुलपात ठेवू नका. ती वाकते आणि मग कपाट उघडायला माणूस बोलवावा लागतो. दारावर आरसा असेल तर त्यावर चिकटपट्टीची फुली मारा, वर वाकळ गुंडाळा आणि दोरीने आवळा. वाकळ या कामाला थर्माकोलपेक्षा चांगली, घसरत नाही आणि हाताला पकड देते.

चढवताना कपाटाचं डोकं वर आणि पाय खाली. खालच्या माणसावर भार जास्त येतो, म्हणून सगळ्यात दणकट माणूस खाली आणि त्याच्या जोडीला दुसरा. वर ओढणाऱ्याने उलटं चालत जायचं असतं, त्याच्या पाठीमागे पायऱ्या मोजणारी एक व्यक्ती हवी. खालच्या दोघांनी कोपरे धरायचे, कपाटाच्या सरळ खाली कधीही कुणी उभं राहायचं नाही. निसटलं तर निसटू द्या, कपाट पुन्हा घेता येतं.

वळणावर आल्यावर लोक आडव्या कपाटालाच फिरवायला बघतात. तिथे ते आधी उभं करायचं. उभं कपाट जमिनीवर फक्त ३६ बाय १९ इंच जागा घेतं. एका कोपऱ्यावर कलवून, दुसरा कोपरा पुढे, असं चालवत वळवायचं आणि पुढच्या पायऱ्यांसाठी पुन्हा कलवायचं. छत त्याला पुरेसं उंच आहे ना, ते वरच्या मापांत कळलेलं असेलच.

काही घरांत ते होतच नाही. आमच्या शहापूरच्या घराचा लाकडी जिना इतका चिंचोळा होता की तिथलं एक मोठं जुनं कपाट माडीवर गेलं तरी कसं, हा प्रश्न सगळ्यांना पडला होता. शेजारच्या आजींनी सांगितलं की जिन्याची भिंत नंतर बांधली, कपाट आधीचं. तुमच्याकडेही असं असेल तर भिंतीशी झगडू नका. गॅलरीतून दोरीने सोडणं हे घरच्या माणसांचं काम नाही. गल्लीत विजेच्या तारा किती जवळून जातात ते एकदा बघा. त्यासाठी सवयीची माणसं बोलवा किंवा कपाट तिथेच विकून टाका.

मदतीला माणसं भरपूर आहेत, मग कुणी काय करायचं?

चार पुरेत. पाचवा बोलण्यासाठी. बोलणारा उचलत नाही आणि उचलणारे बोलत नाहीत.

हे मी शिकले ते शहापूर सोडताना. वरच्या टोकाला माझा दीर, खाली आतेभाऊ आणि टेम्पोवाले अण्णा. अण्णा बैलहोंगलकडचे, मराठी समजायचं पण अडखळत. जिन्याच्या मध्यावर दिराचा पाय पायरीवरून सरकला आणि तो ओरडला, "थांबा, सोडू नका!" अण्णांना त्यातलं "सोड" एवढंच ऐकू आलं. त्यांनी हात सैल केला. कपाट वीतभरच घसरलं, पण त्या वीतभरात आतेभावाचा अंगठा कपाटाचा पाया आणि कठड्याची लोखंडी सळई यांच्यात सापडला. आवाज असा काहीच झाला नाही, पत्रा एकदा गदगदला तेवढाच. अंगठ्याचं नख आधी पांढरं पडलं, मग जांभळं, आणि काही आठवड्यांनी गळून पडलं. अण्णांना किती वाईट वाटलं होतं ते मला अजून आठवतं. चूक त्यांची नव्हती.

तेव्हापासून आमचा नियम: नकाराचा हुकूम द्यायचा नाही. "सोडू नको", "ढकलू नको", "खाली ठेवू नको" हे शब्द जिन्यात बंद. जे करायचं तेच सांगायचं. आपल्याकडे चार माणसं जमली की त्यांत मराठी, कन्नड, दख्खनी, कधी कोकणी बोलणारा असतोच. म्हणून निघण्यापूर्वी सगळ्यांसमोर पाच शब्द ठरवून घ्या. उचल म्हणजे एत्तु, धर म्हणजे हिडी, थांब म्हणजे तडी, खाली ठेव म्हणजे इळसु. पाचवा शब्द शिकवावा लागत नाही. "सावकाश" आपल्याकडच्या कन्नडमध्येही सावकाशच आहे.

उचलण्याऐवजी घसरवलं तर?

सपाट जमिनीवर घसरवणंच चांगलं. पायांखाली जुनी सतरंजी किंवा गोणपाट दुमडून घाला आणि ओढू नका, ढकला. ढकलताना पाठ सरळ राहते. शहाबादी फरशीवर गोणपाट छान सरकतं. गुळगुळीत टाईल्सवर मात्र फर्निचर लोखंडी पायांनी ओढलं की कायमचा ओरखडा उठतो, आणि घरमालक डिपॉझिटमधून तो कापतो.

फारच जड वस्तू असेल, म्हणजे जुनी शिसवी पेटी किंवा तिजोरी, तर दीड इंची पीव्हीसी पाइपचे तीन तुकडे घ्या. पहारीने एक टोक दोन इंच उचलून खाली पाइप सारायचे आणि वस्तू त्यांवरून ढकलायची. मागून मोकळा झालेला पाइप उचलून पुढे घालायचा. उतार असेल तर हा प्रकार करू नका. पहारीखाली हात घालायचा नाही, पाइप काठीने सारायचा.

जुना सागवानी पलंग उघडतच नाही. स्क्रू कुठेच दिसत नाहीत.

कारण त्यात स्क्रू नसतीलच. खानापूरच्या बाजूच्या सागाचे जुने पलंग साल (लाकडातली खाच) आणि कुसू (त्या खाचेत जाणारं टोक) बसवून, वर लाकडी खुंटी किंवा पाचर मारून केलेले असतात. हातोडीने थेट ठोकलंत तर सालाचं तोंड फाटेल आणि पलंग पुन्हा कधीच घट्ट बसणार नाही. आधी पाचर शोधा. लाकडाचा रंग जरा वेगळा दिसतो, किंवा नखाने चाचपलं की काठ लागतो. ज्या बाजूने ती बारीक आहे त्या बाजूने ठोकून बाहेर काढायची. मग जोडावर लाकडाचा ठोकळा ठेवून त्या ठोकळ्यावर हातोडी मारायची, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला, थोडी थोडी. पावसाळ्यात लाकूड फुगलेलं असतं आणि जोड जागचा हलत नाही. तेव्हा जबरदस्ती नको, सुताराला बोलवा.

आमच्या सासऱ्यांचा पलंग असा उघडला तेव्हा मी दिवा धरून उभी होते. पहिला जोड सुटला आणि आत कुसवावर पटाशीने मारलेली एक बारीक रेघ दिसली. समोरच्या सालातही एक. दुसऱ्या जोडात दोन-दोन रेघा, तिसऱ्यात तीन, चौथ्यात चार. ज्या सुताराने तो घडवला त्याने कुठला कुसू कुठल्या सालात जातो याच्या खुणा आतल्या आत करून ठेवल्या होत्या. कुणीतरी एक दिवस हा पलंग उघडून दुसऱ्या घरी नेणार, हे त्याला ठाऊक होतं. अनगोळला आल्यावर रेघा जुळवत गेलो आणि पलंग पहिल्या फटक्यात बसला.

तुमच्या पलंगात अशा खुणा नसतील तर खडूने तुम्ही करा. डावा-उजवा, डोकं-पाय लिहा, उघडण्याआधी फोटो काढा. पाचरी, खुंट्या, नट-बोल्ट एका पिशवीत घालून ती पिशवी पलंगाच्याच एका फळीला बांधा. वेगळी ठेवलेली पिशवी हरवते.

नवीन पद्धतीचं फर्निचर, स्टोअरेजचा बेड वगैरे?

प्लायवुडचं असेल तर खोलून जोडता येतं. भुशाच्या दाबलेल्या बोर्डाचं असेल तर विचार करा. त्यात स्क्रू एकदा काढला की दुसऱ्यांदा तशी पकड घेत नाही आणि तिसऱ्यांदा तर निव्वळ फिरतो. अशी वस्तू दारातून जात असेल तर न खोलताच न्या. ओढू मात्र नका, पाय मोडून येतात, उचलूनच न्या. खोलावंच लागलं तर भोकात फेव्हिकॉल लावलेली काड्यापेटीची काडी घालून वाळू द्या आणि मग स्क्रू बसवा. हायड्रॉलिक बेडचा पंप मात्र वरच्या फळीला आधार दिल्याशिवाय काढू नका. फळी डोक्यात येते.

सोफा दारात अडकतो.

उभा करा. तीन माणसांचा सोफा एका बाजूवर उभा करून पाठ आधी घालायची आणि दाराच्या चौकटीभोवती वळवायचा. पाय निघत असतील तर काढा, तेवढे चार इंचही पुरतात.

फ्रिज आणि वॉशिंग मशीनचं काय?

फ्रिज आदल्या दिवशी रिकामा करून बंद करा, बर्फ वितळू द्या, मागचा पाण्याचा ट्रे ओता. तो न ओतता नेलात तर ते पाणी जिन्यात सांडतं, आणि ओला जिना कसा असतो ते सांगायला नको. फ्रिज उभाच न्यायचा. अगदीच आडवा करावा लागला तर नवीन घरी उभा करून काही तास, शक्य तर रात्रभर, तसाच ठेवा आणि मग चालू करा. आडवा असताना कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत उतरतं, ते परत जायला वेळ लागतो.

पुढून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनसोबत घेतानाच तीन-चार लांब बोल्ट आलेले असतात, आतला ड्रम प्रवासात हलू नये म्हणून. मशीन बसवताना ते काढलेले असतात. ते शोधा आणि हलवण्याआधी परत लावा. नवीन घरी चालू करण्याआधी पुन्हा काढायचे, हेही विसरू नका. पाइपमधलं पाणी बादलीत काढून टाका.

जातं, पाटा-वरवंटा, शिलाई मशीन?

दगडाची वस्तू दोन माणसांनी गोणपाटात घालून, गोणपाटाची टोकं धरून न्यावी. जात्याच्या दोन्ही पाळ्या वेगळ्या न्या. शिलाई मशीनचं डोकं बिडाच्या पायांवरून सोडवून वेगळं न्या, पट्टा काढून ठेवा. बीड जड असलं तरी ठिसूळ असतं, आपटलं तर तडकतं.

इन्व्हर्टरची बॅटरी आणि सिलिंडर?

दोन्ही उभेच. मोठी बॅटरी पन्नास किलोच्या पुढे असते आणि आत ॲसिड असतं, तिरकी झाली तर गळतं. तारा काढून टोकांना चिकटपट्टी लावा. भरलेला घरगुती सिलिंडर जवळपास तीस किलो भरतो, त्यात गॅस १४.२ किलो. रेग्युलेटर काढून टोपण लावा, आणि बंद गाडीत गाद्यांच्या मध्ये कोंबू नका.

गाडी कुठली घ्यायची आणि भरायची कशी?

एका खोली-स्वयंपाकघराच्या सामानाला छोटा हत्ती (टाटा एस) पुरतो, पण साडेसहा फुटी कपाट आणि पलंगाच्या फळ्या असतील तर त्यात दाटी होते. दोन बेडरूमच्या घराला पिकअपच्या दोन फेऱ्या किंवा टाटा ४०७ ट्रकची एक. गल्ली अरुंद असेल तर दोन छोट्या फेऱ्याच बऱ्या. रविवार पेठ, गणपत गल्लीच्या बाजूला मोठी गाडी आत घालून मागे घेणं म्हणजे अर्धा दिवस गेला. सकाळी दुकानं उघडण्यापूर्वी गाडी लावा.

सगळ्यात जड वस्तू केबिनला टेकून, दोन्ही बाजूंना भार सारखा. कपाट, फ्रिज तिथे उभे, मध्ये गाद्या. कासरा दोन ठिकाणी बांधा, वर एक आणि कमरेच्या उंचीवर एक. फक्त वर बांधलं तर खालचा भाग सरकतो. निपाणीकडे जाताना तवंदी घाट आहे, गोव्याकडे चोर्ला. उतारावर ब्रेक लागला की सगळं सामान पुढे येतं. मागे सामानाबरोबर माणूस बसवू नका. "मी धरून बसतो की" म्हणणारा पोरगा प्रत्येक घरात असतो. त्याला केबिनमध्ये बसवा.

कोल्हापूर, चंदगडकडून इकडे येतोय. सीमेवर कागद लागतात का?

वापरलेल्या घरगुती सामानाला जीएसटीचं ई-वे बिल लागत नाही. तरी सामानाची साधी यादी, जुन्या-नव्या पत्त्याचा कागद आणि आधार जवळ असू द्या, विचारलं तर दाखवता येतं. नवीन विकत घेतलेलं फर्निचर असेल तर त्याचं बिल ठेवा. सुट्या सागवानी तुळया, वासे, फळ्या नेत असाल तर वनखात्याच्या कार्यालयात आधी चौकशी करा, खानापूर भागात तर नक्कीच.

गाडीच्या परमिटचं गाडीवाल्याला आधी विचारा. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे ३००० किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालगाडीला परमिट लागत नाही, छोटा हत्ती त्यात बसतो. त्याहून मोठ्या गाडीकडे दोन्ही राज्यांत चालणारं परमिट हवं. कोगनोळी आणि हत्तरगी टोलचे पैसे भाड्यात धरले आहेत की वेगळे, तेही बोलून घ्या. तुमची स्वतःची एमएच ०९ ची स्कूटर किंवा कार सोबत आणत असाल तर बारा महिन्यांपेक्षा जास्त ती इथे राहणार असेल तर नोंदणी बदलावी लागते. त्याचं काम लवकर सुरू करा.

कुठला दिवस टाळावा?

मुहूर्त ज्याचा त्याने बघावा. मी रस्त्याचं सांगते. गणेश विसर्जनाच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शहरात गाडी काढू नका. वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचा दिवसही तसाच. १ नोव्हेंबरला एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुका, दुसरीकडे सीमाप्रश्नावरची आपली काळ्या दिनाची निषेध फेरी, गाडी अडकून पडते. डिसेंबरात सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असेल तर हलगा गावाच्या बाजूच्या रस्त्याची आधी चौकशी करा.

ऐन पावसाळ्यात हलवावं लागलं तर?

बेळगावचा पाऊस एकदा धरला की दिवसभर बारीक चालू राहतो, "उघडल्यावर नेऊ" म्हणून भागत नाही. ताडपत्री वरून तर घालाच, पण गाडीच्या तळाला लाकडी फळ्या टाकून सामान त्यावर ठेवा. गाडीत साचणारं पाणी खालून लागतं. भुशाच्या बोर्डाचं फर्निचर एकदा खालून भिजलं की फुगलेलं परत बसत नाही. दारापासून गाडीपर्यंत पोती अंथरा. चपला काढून पकड देणारे बूट घाला, पावसात स्लिपर घालून कुणालाही जिन्यात येऊ देऊ नका.

कुणी उचलू नये?

हर्नियाचं किंवा पोटाचं ऑपरेशन झालेलं, हृदयाचा त्रास, बीपी आवरत नाही, मणक्याचं दुखणं, गरोदर बाई, नुकतीच बाळंत झालेली बाई. यांनी "एवढंसं तर आहे" म्हणूनही हात लावू नये. बायकांनी उचलावं का, असंही मला विचारतात. ज्याच्या अंगात जोर आणि सवय आहे त्याने उचलावं. आमच्या घरी माझी नणंद माझ्या नवऱ्यापेक्षा चांगलं उचलते, कारण ती गुडघे वाकवून उचलते आणि तो कमरेतून.

उचलताना पाय फाकवून वस्तूच्या जवळ, गुडघे वाकवून, वस्तू पोटाशी घेऊन उठायचं. वळायचं तर पावलं वळवायची, कमर पिळायची नाही. कमरेत कळ उठली आणि ती पायात उतरली, पाय बधिर झाला, किंवा लघवीवर ताबा राहिला नाही, तर शेक देत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

देव आधी न्यायचे का?

आमच्याकडे आधी देव, कलश आणि दुधाचं पातेलं जातं, मग बाकीचं. यात सोयही आहे. सकाळी लवकर एक माणूस तिथे पोचलेला असतो, त्याने दिवे-पाणी बघून ठेवलेलं असतं. लाकडी देव्हारा मात्र देव काढून, कळस आणि घंटा सोडवून, सगळ्यात शेवटी भरायचा आणि सगळ्यात आधी उतरवायचा.

नवीन घरात कपाटाचं दार आपोआप उघडतंय, कपाट बिघडलं का?

बहुतेक वेळा जमीन सरळ नसते. नवीन घरांतसुद्धा खोलीला मोरीकडे किंवा गॅलरीकडे उतार असतो. कपाटाच्या माथ्यावर पाण्याने अर्धी भरलेली बाटली आडवी ठेवा, हवेचा बुडबुडा ज्या बाजूला जातो ती बाजू उंच. समोरच्या पायांखाली प्लायवुडचा पातळ तुकडा सारून कपाट पाठीकडे केसभर झुकवा, दार मिटून राहील. घडी केलेला पुठ्ठा घालू नका, फरशी पुसताना भिजतो आणि दबतो. घरात लहान मूल असेल तर कपाट, पुस्तकांची मांडणी, खणांचं टेबल या सगळ्या उंच वस्तू लोखंडी पट्टीने भिंतीला खिळून टाका. मुलं खण उघडून त्यावर पाय देऊन चढतात आणि कपाट पुढे येतं. हे पहिल्याच संध्याकाळी करा, बाकीची खोकी राहू देत.